गोव्यातलं जुनं घर घेऊन बार काढताय? आधी भिंती वाचवा

गोव्यात कुठल्याही जुन्या गावात फिरा, एखादं बंद पडलेलं घर दिसतंच, कौलं खचलेली, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यात, झाडोरा, आणि लगेच डोक्यात येतं की इथे काय मस्त बार होईल. होईल ना, नक्की होईल, पण पहिला पैसा काउंटर आणि लाइटांवर घालू नका एवढंच सांगणं आहे.

आधी कागद. ही घरं बहुतेक वारसांमुळेच बंद असतात, एक भाऊ लिस्बनला, दुसरा मुंबईत, बहीण मडगावला, आणि गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोचाही मालमत्तेत सहसा अर्धा-अर्धा हक्क असतो, म्हणजे सुना-जावयांच्याही सह्या लागतात. एक सही राहिली तरी काम सुरू करू नका. पणजीच्या जुन्या फोंतेन्हास भागात असाल तर तो कॉन्झर्वेशन झोन, म्हणजे जुन्या वास्तू जपायचा भाग आहे, परवानगीशिवाय बाहेरच्या बाजूला हातही लावायचा नाही. दारूचा परवाना त्यावर अडू शकतो, म्हणून शाळा, देऊळ, चर्च किती लांब आहे ते भाडेकरार करायच्या आधी मोजा आणि परवाना देणाऱ्या एक्साइज खात्यात जाऊन विचारा.

मग छप्पर. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वासा जिथे भिंतीत शिरतो तिथे टोचून बघा, वरून ठणठणीत दिसणारं लाकूड तिथेच सडतं, सुळकन आत गेला तर लाकूड सडलंय किंवा वाळवी लागलीय. मंगलोरी कौलं फेकू नका, टिचकी मारा, खणखणीत वाजलं ते परत वापरायचं.

आता भिंत, आणि इथेच सगळे चुकतात. चिरा, म्हणजे इथला जांभा दगड, ओल पितो आणि सोडतो, म्हणून जुन्या लोकांनी चुन्याचा गिलावा केला. त्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. आमच्या कामात आधीच्या कंत्राटदाराने मारलेलं सिमेंट खरवडलं तर मागचा चिरा बोटाने उकरता येत होता, ओल्या बिस्किटासारखा, आणि वर मिठाची पांढरी भुकटी. सगळं काढलं, भिंत महिनाभर उघडी सुकू दिली, मग मुरवलेल्या चुन्याचे पातळ थर. पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, सुकतच नाही.

वायरिंग पूर्ण नवीन. बर्फाचं मशीन, फ्रीज, एसी, किचन, एवढा लोड जुन्या तारा घेणार नाहीत. आणि बाहेर पडायला दोन वाटा हव्यातच, दारं बाहेर उघडणारी. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच बाथरूममध्ये अडकले होते, ते आठवलं की सजावटीचं गवती छत लावायची इच्छाच होत नाही. तशा छताला माझ्याकडून तरी नाहीच.

काउंटर सगळ्यात शेवटी, पण त्याखालचा ड्रेन आणि उतार लादी बसवायच्या आधी. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्या असतील तर ते काढून काच लावू नका, दुपारी आत जो दुधाळ उजेड येतो तो कुठल्या दिव्याने येत नाही. मागच्या फळीवर काजू फेणीचे जुने काचेचे गाराफांव, म्हणजे मोठे बुधले, ठेवा, सीझनला उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, ठेवा. अंगणातलं म्युझिक रात्री १० ला बंद, शेजारी म्हातारी माणसं राहतात, उद्घाटनाआधी त्यांच्याकडे जाऊन या.