साखर सक्रिय करणारी विकरे पेशीत कुठे असतात : जीवरसायनशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावी) एकदम इंग्रजीत उडी घेणारे आपल्या सीमाभागातील विद्यार्थी, समजले नाही तरी पाठ करून टाकण्याची सवय सोबत घेऊन येतात. खानापूर तालुक्यातून बेळगावला आलेली मीही त्यांतलीच होते. कोणते विकर (एन्झाइम) पेशीच्या कोणत्या भागात असते याचा तक्ता मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षी तोंडपाठ केला होता. मात्र तो तक्ता कोणी आणि कसा भरला असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

नुसते ग्लुकोज ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या ग्लुकोजच्या, साखळीला जोडले जात नाही. त्यावर आधी फॉस्फेट चढते, मग त्याची यूटीपी (युरिडिन ट्रायफॉस्फेट) या न्यूक्लिओटाइडशी अभिक्रिया होऊन यूडीपी-ग्लुकोज ही सक्रिय साखर तयार होते आणि पायरोफॉस्फेट सुटते. अशा न्यूक्लिओटाइड-शर्करांच्या शोधासाठी अर्जेंटिनाचे जीवरसायनशास्त्रज्ञ लुई लेलुआर यांना १९७० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्राणिपेशीत यूडीपी-ग्लुकोज, यूडीपी-एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन, जीडीपी-मॅनोज, जीडीपी-फ्यूकोज हे सारे पेशीद्रवात तयार होतात. प्रथिनांवर साखर चढवणारी बहुतेक विकरे मात्र आंतर्द्रव्यजालिकेच्या आणि गॉल्गी संकुलाच्या पोकळीत बसलेली असतात. त्यामुळे पटलात वाहक प्रथिने लागतात, जी सक्रिय साखर आत घेताना वापरून झालेले यूएमपी किंवा जीएमपी बाहेर सोडतात. पटलाची कोणती बाजू, हे एकदा ध्यानात आले की निम्मा तक्ता पाठ करावाच लागत नाही.

उरलेला निम्मा अपवादांचा आहे आणि मला तोच अधिक आवडतो. सायलिक आम्ल ही आम्लधर्मी साखर पेशीद्रवात बनते, पण पृष्ठवंशीय प्राण्यांत सीटीपी (यूटीपीसारखेच एक न्यूक्लिओटाइड) वापरून त्याला सक्रिय करणारे विकर केंद्रकात असते. तयार झालेले सीएमपी-सायलिक आम्ल केंद्रकाच्या छिद्रांतून पुन्हा पेशीद्रवात येते आणि तिथून गॉल्गीत जाते. फळमाशीत हेच विकर गॉल्गीत सापडते. हा वळसा पृष्ठवंशीयांत कशासाठी, याचे मला पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. यकृतातील ग्लुकोकायनेज या ग्लुकोजवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराची तऱ्हा आणखी वेगळी आहे, कारण उपाशीपोटी एक नियामक प्रथिन त्याला केंद्रकात धरून ठेवते आणि जेवणानंतर ते पेशीद्रवात सुटते. म्हणजे जागेच्या रकान्यात काय लिहायचे हे प्राणी जेवला आहे की नाही यावरही ठरते.

पेशीचे भाग वेगळे करून विकरे तपासण्याच्या प्रकल्पासाठी मी सकाळी सातला खाटकाकडून बोकडाची ताजी कलेजी बर्फात घालून आणत असे. ०.२५ मोलर सुक्रोजच्या थंडगार द्रावणात तिचे बारीक तुकडे करून काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्याने घोटायचे आणि मग ६०० जी वर (गुरुत्वाच्या ६०० पट जोराने) सेंट्रिफ्यूज करून केंद्रके खाली बसवायची, असा क्रम होता. पहिल्या खेपेला चांगले बारीक व्हावे म्हणून मी घोटतच राहिले. नळीच्या तळाशी पांढरट, तार सुटणारा चिकट गोळा जमला, जो पिपेटमध्येही चढेना. केंद्रके फुटून डीएनए बाहेर आला होता. अशा वेळी केंद्रकातले विरघळणारे विकर वरच्या द्रवात उतरते आणि मापनात ते पेशीद्रवातले म्हणून दिसते. चूक माझ्या हाताची होती, आणि तक्त्यात तसे एखादे विकर चुकीच्या रकान्यात जाऊन बसणे किती सोपे आहे हे त्या गोळ्याने मला दाखवले.

पुढे द्रावणात थोडे मॅग्नेशियम क्लोराइड घातले, घोटणे आठ-दहा फेऱ्यांवर आणले आणि प्रत्येक वेळी एक थेंब मिथिलीन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली अखंड केंद्रके पाहूनच पुढे गेले. फार कमी घोटले तर न फुटलेल्या अख्ख्या पेशीही केंद्रकांबरोबर तळाला बसतात, म्हणून त्या गाळात लॅक्टेट डिहायड्रोजनेज तपासावे. ते पेशीद्रवाचे खूणविकर, म्हणजे पेशीद्रवाची ओळख पटवणारे विकर, आहे आणि मापनात एनएडीएच हे सहविकर वापरते, म्हणून ३४० नॅनोमीटरवर एनएडीएचचे शोषण झपाट्याने उतरू लागले तर गाळ शुद्ध नाही असे समजावे. आमच्याकडे १,००,००० जी पर्यंत जाणारे यंत्र नव्हते, त्यामुळे सूक्ष्मकणांचा (मायक्रोसोम, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेचे फुटलेले तुकडे) शेवटचा भाग वेगळा करता आला नाही आणि मी तसे अहवालात स्पष्ट लिहिले.

तोंडी परीक्षेआधी तक्ता बाजूला ठेवून कागदभर मोठी पेशी काढावी आणि प्रत्येक विकर पटलाच्या नेमक्या बाजूला मांडावे. माझ्या चित्रात झायलोजचा बाण गॉल्गीच्या आत वळला होता, कारण यूडीपी-ग्लुकुरॉनिक आम्लापासून यूडीपी-झायलोज करणारे विकर पेशीद्रवात नसून त्या पोकळीतच असते. परीक्षकांनी त्या बाणावर पेन्सिल टेकवली आणि पुढची पंधरा मिनिटे ती तिथून हलली नाही.