बॉस्टनला आलात? बीकन हिल चढा

सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचं खातं, भाड्याचं घर, यात पहिले आठवडे जातील. ते मार्गी लागलं की एक सकाळ ब्लॅक हेरिटेज ट्रेलसाठी, म्हणजे बीकन हिल या टेकडीवरच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या पायी फेरीसाठी ठेवा. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याच्या जागांचा फ्रीडम ट्रेल पाहुण्यांबरोबर होतोच, हा मात्र ठरवूनच करावा लागतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटणाऱ्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांच्या कामाचं एक मोठं केंद्र ही टेकडी होती. म्हणून तरी मराठी माणसाने ती चढावी.

रेड किंवा ग्रीन लाइनने पार्क स्ट्रीटला उतरा. स्टेट हाउससमोर (राज्याच्या विधिमंडळाची इमारत) यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं १८९७ सालचं शिल्प आहे. या कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला, तेव्हा सुमारे दीड वर्ष त्यांनी पगारच घेतला नाही, पण लढत राहिले. शिल्पाच्या मागे नक्की जा. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं तिथे सुरुवातीपासून होती. लढाईत पडलेल्या शिपायांची १९८०च्या दशकात कोरली गेली.

नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर हंगामात फुकट फेरी काढतात, वेळा आधी बघून घ्या. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण चढ आहे आणि फुटपाथ विटांचे. हिवाळ्यात त्यावर बर्फ धरतो, बूट चांगले घाला.

फिलिप्स स्ट्रीटवर लुईस आणि हॅरिएट हेडन यांचं घर लागेल. दोघं केंटकीतल्या गुलामीतून निसटलेले. १८५०च्या कायद्याने पळालेल्यांना पकडून परत नेणं आणखी सोपं झालं, तेव्हा त्यांनी इथे गुलामीतून पळालेल्या विल्यम आणि एलन क्राफ्ट यांना आसरा दिला. धरायला कोणी आलंच तर घर उडवून देऊ म्हणून बंदुकीच्या दारूची पिंपं तयार ठेवली होती, असं सांगतात. ही आजही खासगी घरं आहेत. बेल वाजवू नका, पायऱ्यांवर बसू नका.

शेवटी जॉय स्ट्रीट. तिथे १८०६ची आफ्रिकन मीटिंग हाउस, म्हणजे कृष्णवर्णीयांचं चर्च, आणि शेजारी कृष्णवर्णीय मुलांसाठीची एबिएल स्मिथ शाळा. दोन्ही मिळून आता संग्रहालय आहे. पाच वर्षांच्या सारा रॉबर्ट्सला वाटेतल्या गोऱ्या मुलांच्या शाळा ओलांडून इथे यावं लागे. वडिलांनी दावा लावला, १८५०मध्ये हरले, आणि तोच निकाल पुढे १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळं ठेवण्याच्या समर्थनार्थ वापरला. पण मॅसॅच्युसेट्सने १८५५मध्येच कायदा करून शाळांमधली अशी विभागणी बंद केली होती. तुमची मुलं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये जाणार असतील तर त्यांना बरोबर न्या. संग्रहालयाला तिकीट लागतं, उघडं असण्याचे वार बघूनच निघा.