प्लीट की टक? या चुका टाळा

शिवणकामाच्या इंग्रजी सूचना वाचताना ‘प्लीट’ आणि ‘टक’ एकच समजणारे इतके जण मला भेटलेत की आता लिहूनच टाकते. दोन्हींत कापडाची घडी असते, साम्य एवढंच. प्लीट एका टोकाला, बहुधा कमरेच्या शिवणीत, धरलेली असते आणि खाली मोकळी सुटते. टकवर घडीला समांतर टीप असते. प्लीट घेर देते, टक तो आवळतो.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने लहानग्या भाचीसाठी फ्रॉक शिवायला घेतला. छातीवर १ सेंमीचे तीन उभे टक होते. तिने घड्या घालून इस्त्री फिरवली, वरच्या शिवणीत पकडल्या आणि थेट बाह्यांकडे वळली. टेबलावर फ्रॉक सुरेख दिसत होता. भाचीच्या अंगात घातला आणि घड्या छातीवर फुलल्या. १ सेंमीचा टक २ सेंमी कापड खातो, म्हणजे तब्बल ६ सेंमी कापड पुढे लोंबत होतं! अस्तर, बाह्या सगळं उसवण्यात अख्खी दुपार गेली. वाचवल्या होत्या फक्त तीन टिपा. ‘टीप नंतर मारू’ हे वाक्य मला अजिबात खपत नाही.

मी आधी अख्ख्या कापडावर टक घालते आणि मगच त्यावर पॅटर्न ठेवून कापते. टिपेच्या दोन्ही रेघा खडूने आखायच्या, रेघेवर रेघ ठेवून टाचण्या लावायच्या. नजरेच्या अंदाजाने घातलेला टक खाली हमखास वाकडा जातो.

उलट चूकही होते. स्कर्टच्या प्लीटवर तळापर्यंत टीप मारली तर पाऊलच टाकता येत नाही.

ब्लाउजचे आपण ‘टक्स’ म्हणतो ते इंग्रजीत डार्ट, टोकाकडे निमुळते होणारे. म्हणून इंग्रजी सूचनेत ‘टक’ वाचून डार्ट घालू नका.

कापड मोजून घ्या. नाइफ प्लीट म्हणजे सगळ्या एकाच दिशेला वळवलेल्या प्लीट; त्या कडेला कडा भिडवून घातल्या तर तिप्पट कापड लागतं: ७० सेंमी कमरेला २१० सेंमी, शिवणीची माया वेगळी.

आणि इस्त्रीची घाई नको. पॉलिएस्टरमध्ये उष्णतेने बसलेली प्लीट टिकते, सुतीमधली धुतल्यावर मोडते. म्हणून सुती प्लीटना मी लांब धावदोरा घालते, ओलसर फडक्यावरून दाबते आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत हात लावत नाही. धावदोरा काढायचा तो कमरपट्टी लागल्यावरच.