एचआयव्हीवरचा सिनेमा कॉलेजात दाखवायचा असेल तर

"मॅडम, एड्सवरचा एखादा चांगला पिक्चर सांगा ना. तासाभराचा असला तर बरं." नोव्हेंबर संपत आला की रेड रिबन क्लब (कॉलेजातला एड्सजागृतीचा गट) सांभाळणाऱ्या प्राध्यापकांचे असे फोन सुरू होतात. मी ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, समुपदेशक आहे. चाचणीचा रिपोर्ट घ्यायला समोर बसलेला माणूस या आजाराबद्दल जे काही मनात घेऊन येतो, ते बहुतेक पडद्यावरूनच आलेलं असतं: सापळा झालेला हिरो, पांढरी चादर, शेवटी फोटोला हार. म्हणून त्या फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या सालातला पिक्चर हवाय?" पलीकडे शांतता.

साल का विचारते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि एचआयव्ही हा मधुमेहासारखा गोळ्या घेऊन सांभाळायचा आजार झाला. पण सगळ्यात गाजलेले सिनेमे त्याच्या आधीच्या काळाचे, म्हणजे मरणाच्या काळाचे आहेत. तुम्ही नुसता तसला सिनेमा लावून दिवे लावलेत आणि 'आभारप्रदर्शन' केलंत, तर मुलं तीस वर्षांपूर्वीची भीती ताजी करून घरी जातील. मग सिनेमा न दाखवलेलाच बरा.

आधी फळा, मग पडदा

सिनेमा सुरू करण्याआधी फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर मोजकीच सालं लिहा. १९८१, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची पहिली नोंद. १९८५, रक्तचाचणी आली. १९८६, भारतातले पहिले रुग्ण चेन्नईत सापडले. १९८७, एझेडटी हे पहिलं औषध. १९९६, एकत्रित उपचार. १ एप्रिल २००४, भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) मोफत सुरू. २०१७, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहेत न बघता निदान झालं की लगेच उपचार. आणि रेघेच्या टोकाला 'आज': रोज एक गोळी, टीएलडी (तीन औषधं एकाच गोळीत). नियमित गोळी घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

यावर भाषण देऊ नका, पाच मिनिटं पुरतात. सिनेमा संपला की एका मुलाला खडू द्या आणि हा सिनेमा रेघेवर कुठे बसतो तिथे फुली मारायला सांगा. निम्मी चर्चा त्या फुलीवरच होते. कारण तिथे कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, म्हणजे हा माणूस आज असता तर मेला नसता?" तुम्हाला हाच प्रश्न हवा असतो, आणि तो तुम्ही विचारण्यापेक्षा मुलाने विचारलेला बरा.

फुलीसाठी साल निवडताना एवढं बघा: सिनेमा कधी बनला, आणि त्यातली गोष्ट कधीची आहे. दोन्हींत अंतर असतं. 'इट्स अ सिन' ही ब्रिटिश मालिका २०२१ची, पण गोष्ट १९८१ ते १९९१ची. (ती वर्गात दाखवू नका, प्राचार्य तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत. स्वतः मात्र बघा.)

दोन सिनेमे, एक गोष्ट

अख्खा सिनेमा दाखवायलाच हवा असं नाही. माझी आवडती जोडी म्हणजे 'फिलाडेल्फिया' (१९९३) आणि 'फिर मिलेंगे' (२००४). दुसऱ्याने पहिल्याचा सांगाडा उघड उघड उचललाय: एचआयव्ही कळल्यावर नोकरी जाते, वकील आधी कचरतो, मग कोर्ट. तेच आपल्या कामाचं आहे.

'फिलाडेल्फिया'मधला वकिलाच्या ऑफिसचा प्रसंग काढा. टॉम हँक्सचा अँड्र्यू आत येतो, डेन्झेल वॉशिंग्टनचा जो मिलर हात मिळवतो, आणि अँड्र्यू सांगतो की मला एड्स आहे. त्यानंतर संवादांकडे लक्ष देऊ नका, जोचे डोळे बघा. अँड्र्यूचा हात टेबलावर जिथे जिथे टेकतो, तिथे तिथे त्याची नजर जाते. एक शब्द न बोलता शिवाशिव कशी चालते ते दोन मिनिटांत दिसतं. हा प्रसंग मी दोनदा लावते, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग विचारते, "अशी नजर कुठे बघितलीय?" उत्तरं एड्सवर राहत नाहीत, पाण्याच्या माठापर्यंत आणि वेगळ्या ठेवलेल्या कपापर्यंत जातात. जाऊ द्या. अडवू नका.

मग 'फिर मिलेंगे'चा शेवट लावा. अँड्र्यू मरतो. शिल्पा शेट्टीची तमन्ना जगते, परत कामाला लागते. अकरा वर्षांत शेवट का बदलला? उत्तर फळ्यावर आहे, १९९६. मुलांना ते स्वतःचं स्वतः सापडू द्या.

याच जागी मी मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७चा निकाल सांगते. एका सार्वजनिक उपक्रमातल्या कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारलं गेलं. कोर्टाने सांगितलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल तर तसं करता येणार नाही. तो माणूस खटल्यात 'एमएक्स' एवढ्याच नावाने लढला. नाव लपवून न्याय मागता येतो हे मुलांना फार नवल वाटतं, आणि पुढे गुप्ततेचा मुद्दा निघतो तेव्हा ते त्यांच्या लक्षात असतं.

गोव्याची गोष्ट

वेळ असेल आणि एकच सिनेमा पूर्ण दाखवायचा असेल तर 'माय ब्रदर... निखिल' (२००५). ओनिरचा हा सिनेमा गोव्यात घडतो, आणि त्याचं मूळ खरंच गोव्यात आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा एचआयव्ही असलेल्याला वेगळं डांबण्याची तरतूदच होती. त्याच्या आईने कोर्टात धाव घेतली. तो सुटला, पण कोर्टाने ती तरतूद रद्द केली नाही. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, १९९२ मध्ये तो गेला.

हे सगळं सिनेमाच्या आधी सांगायचं की नंतर? नंतर. आधी सांगितलं तर मुलं निखिलमध्ये डॉमिनिक शोधत बसतात. निखिल जलतरणपटू आहे, त्याची गोष्ट वेगळी रचली आहे. नंतर सांगितलं की सभागृहात चुळबुळ थांबते. पडद्यावरचा 'अतिरेक' प्रत्यक्षात आपल्या शेजारच्या राज्यात सरकारने केला होता, हे पचायला वेळ लागतो.

या सिनेमाची रचनाही चर्चेसाठी सोयीची आहे. निखिलची बहीण अनामिका (जुही चावला), आईवडील, जोडीदार नायजेल, सगळे अधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून मुलाखत दिल्यासारखे बोलतात. मी मुलांचे गट करते आणि एकेका गटाला एकेक नातं वाटून देते. वडिलांचा गट वडिलांची बाजू मांडणार, त्यांना शिव्या घालायच्या नाहीत. निखिलला घराबाहेर काढणाऱ्या बापाची बाजू मांडताना मुलं अडखळतात, आणि त्या अडखळण्यातून घरातली खरी वाक्यं बाहेर येतात: लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न, भावकी.

एक सूचना. निखिल आणि नायजेलच्या नात्यावर मागच्या बाकावरून खिदळणं होणारच. ओरडू नका, सिनेमा थांबवू नका. अर्ध्या तासाने ते आपोआप थांबतं, सिनेमा तेवढा चांगला आहे.

मुंबईला नवरा असलेल्या गावांसाठी

आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला. अशा गावात बचत गटाच्या बायकांसमोर मी 'यस्टरडे' (२००४) दाखवते. दक्षिण आफ्रिकेतला झुलू भाषेतला सिनेमा, ऑस्करसाठी नामांकन मिळालेला. यस्टरडे हे बाईचं नाव. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत, ही खेड्यात लहान मुलीबरोबर. खोकला थांबेना म्हणून दवाखान्यात कितीतरी मैल चालत जाते, तर रांग इतकी लांब की तिचा नंबर यायच्या आत तपासणी बंद. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हा प्रसंग आमच्या बायकांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. पुढे आजारी नवरा परत येतो, गावाला तो नको असतो, तेव्हा ती भंगारातले पत्रे गोळा करून गावाबाहेर त्याच्यासाठी खोपटं बांधते, तेच त्याचं हॉस्पिटल.

इंग्रजी सबटायटल्स वाचणार कोण, म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगत जाते. प्रत्येक वाक्य नाही, अडेल तिथेच. सरावासाठी सिनेमा आधी एकदा थांबवत थांबवत बघा आणि कागदावर टिपा काढा. बायका मध्येच बोलतात, "हिनं नवऱ्याला विचारलं का नाही?" तर दुसरी म्हणते, "तू विचारशील?" तिथे आपण गप्प बसायचं. आणि शेवटी फळा विसरायचा नाही: त्या देशात सरकारी औषधं मिळायला सुरुवात २००४ मध्ये झाली, आपल्याकडेही त्याच वर्षी. आज ती बाई तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मोफत गोळी घेऊन मुलीला शाळेत सोडून आली असती.

जपून दाखवायचे

'निदान' (२०००) लोक फार सुचवतात. महेश मांजरेकरांचा, रीमा लागू आणि शिवाजी साटम आईबाप, रक्त चढवल्यातून मुलीला लागण. रडू येतं, खोटं बोलणार नाही. पण एकटा दाखवला तर पोरं एकच गोष्ट घेऊन जातात: हिची काही चूक नव्हती. मग ज्यांना दुसऱ्या मार्गाने झालं त्यांची होती, असा अर्थ आपोआप निघतो. माझ्यासमोर बसणाऱ्या बाईला हाच प्रश्न सासरी विचारला जातो, आणि सिनेमाने त्याला खतपाणी घालू नये. त्याच्याबरोबर श्रीधर रंगायन यांचा '६८ पेजेस' (२००७) ठेवा. त्यात मुंबईच्या एका समुपदेशक बाईच्या डायरीतून वेश्याव्यवसाय करणारी, बारमध्ये नाचणारी, सुईने नशा करणारा अशी माणसं येतात. कोणाची चूक मोजत न बसता. माझं काम करणारी बाई पडद्यावर क्वचितच दिसते, म्हणून माझा थोडा पक्षपात आहे हे धरून चाला.

'डॅलस बायर्स क्लब' (२०१३) अभिनयासाठी जरूर बघा, पण पेशंट बसलेले असतील तिथे लावू नका. त्यात एझेडटी जवळजवळ विष म्हणून दाखवलंय. सुरुवातीला त्याचा डोस जास्त दिला जायचा हे खरं, पण कमी डोसमध्ये, इतर औषधांबरोबर त्याने असंख्य जीव वाचवले. आपल्याकडे वर्षानुवर्षं वाटलेल्या झेडएलएन या तीन औषधांच्या गोळीतला 'झेड' तोच (एझेडटीचं दुसरं नाव झिडोव्हुडिन). गोळी सोडायला निमित्त शोधणाऱ्या माणसाला असा सिनेमा दाखवणं म्हणजे आमचं वर्षभराचं काम पाण्यात.

औषधांचं राजकारण दाखवायचं असेल तर 'फायर इन द ब्लड' (२०१३) हा माहितीपट घ्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. फार्मसीच्या मुलांना हा हटकून आवडतो.

फक्त एकच तास मिळाला? 'एड्स जागो' (२००७) मधल्या छोट्या फिल्म्स: मीरा नायर, संतोष सिवन, विशाल भारद्वाज, फरहान अख्तर यांची प्रत्येकी एक. दोन दाखवा, चारही नको.

बाकीची व्यवस्था

परवानगी आधी. स्वतःचं ओटीटी खातं प्रोजेक्टरला जोडलं म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. निर्मात्यांना पत्र लिहा, शैक्षणिक कामासाठी म्हटल्यावर पुष्कळ जण ऐकतात. वेळ सकाळची घ्या. दुपारी ठेवलं तर साडेचारच्या एसटीसाठी मुली शेवटच्या वीस मिनिटांत उठतात आणि चर्चा मुलांपुरती उरते. १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, टाळता आला तर टाळा, त्या दिवशी रॅली, रांगोळी आणि पाहुणे यांतच सगळा जीव जातो.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. नाहीतर लिहिणारा कोण ते सगळ्यांना दिसतं. डास, न्हाव्याचं ब्लेड, टॅटू, चुंबन हे चार प्रश्न येणारच, उत्तरं तयार ठेवा. दरवेळी एखादी चिठ्ठी वेगळी निघते. मागे एकीवर होतं, "लग्नाआधी टेस्ट करू म्हटलं तर मुलीकडचे काय समजतील?" त्या एका चिठ्ठीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दिला.

आणि हे कधीही करू नका: 'खरा पेशंट' मंचावर आणून बसवणं, किंवा सभागृहात कोणाला असेल तर हात वर करा म्हणणं. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, कोणालाही स्वतःची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. कायदा नसता तरी करू नये. एखादी व्यक्ती स्वतःहून बोलायला तयार असेल तर आधी तिच्याशी निवांत बोला, फोटो आणि व्हिडिओ बंद, आणि ऐनवेळी तिने 'नको' म्हटलं तर कार्यक्रम तिच्याशिवाय उरकायची तयारी ठेवा.

समुपदेशकाला सभागृहातून लगेच निघू देऊ नका. शेजारच्या खोलीत दोन खुर्च्या टाका, दार ओढून घ्या आणि आधीच जाहीर करा की प्रमाणपत्रांवर सही घ्यायला त्या खोलीत यायचं आहे. म्हणजे तिथे कोण कशाला गेलं हे कोणाला कळत नाही. चाचणी मोफत, रिपोर्ट गुप्त, आणि घरून विचारायचं असेल तर १०९७ हा हेल्पलाइन नंबर फळ्यावर, रेघेखाली.