पिक्चर दाखवून मराठी शिकवताय? या चुका टाळा

दर जूनमध्ये कुणीतरी नवे गुरुजी विचारतातच, "सर, शाळेला प्रोजेक्टर मिळालाय, कुठला पिक्चर दाखवू?" कुठला ते नंतर बघू. किती दाखवणार ते आधी सांगा.

अख्खा पिक्चर लावायचा आणि मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचं, ही सगळ्यात मोठी चूक. मीही केलीय. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात होतो तेव्हा नववीला 'बनगरवाडी' लावला, धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. शेवटचे तास मागून घेतले. वाटलं, पोरं कादंबरीच्या प्रेमात पडतील. जुलै महिना, वर पत्रे. पावसानं असा ताशा धरला की एक संवाद कळेना. त्यात लाइट गेली. ती आली तेव्हा शाळा सुटली होती.

दुसऱ्या दिवशी प्रश्न दिला : वाडीत येताना मास्तराला काय वाटलं असेल? चाळीस वह्या, मजकूर एकच. मास्तर आला, मग बसला, मग मेंढरं दिसली. 'वाटलं' हा शब्दच कुणाच्या वहीत नाही. पोरांचा काय दोष? कादंबरीत मास्तर 'मी' म्हणून सांगतो, पडद्यावर तो आपल्याला बाहेरून दिसतो. शिकवायचं होतं ते एवढंच, आणि तेच मी शिकवलं नव्हतं.

आता आधी पुस्तकाची दोन पानं मोठ्यानं वाचतो. मग तोच प्रसंग पाचेक मिनिटं, आवाज बंद करून. पोरं 'मी' धरून लिहितात, मग तोच तुकडा आवाजासकट पुन्हा बघतात. एवढ्यात तास संपतो. संपू दे. "सर, पुढं काय झालं?" म्हणून ओरडा होतो, तेव्हा लायब्ररीतली प्रत पुढं करतो.

परीक्षेच्या तोंडावर अत्र्यांचा 'श्यामची आई' लावून साने गुरुजींच्या बेचाळीस रात्री एका दुपारी उरकणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

"पुस्तक चांगलं की पिक्चर?" विचारू नका, अर्धा वर्ग पिक्चर म्हणतो आणि विषय संपतो. काय गाळलं ते विचारा. "काय बोध घेतला?" तर मुळीच नको. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आधी बघा. लॅपटॉपच्या आवाजावर भागत नाही. आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐका.

आणि संवादलेखनातली लाल शाई आवरा. एका मुलीनं पिक्चरमधला तुकडा बघून आजी-नातीचं बोलणं लिहिलं होतं : "आजी, कुठं जाऊलालीस गं?" आमच्या एका सहकाऱ्यांनी ते खोडून वर 'कुठे चालली आहेस?' लिहिलं. बेळगावची कुठली आजी असं बोलते? माडगूळकरांची माणसं माणदेशी बोलतात, ते कुणी खोडलं नाही. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद घरच्या बोलीत, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. दहावीच्या पेपरातला निबंध वेगळा, तेही सांगतो.

त्या मुलीची वही मागून घेतली आणि लाल रेघेशेजारी 'मूळचंच बरोबर' लिहून सही केली. सहकारी आठवडाभर माझ्या डब्याला बसले नाहीत.