स्ट्रेचिंग करताना या चुका टाळा

सगळ्यात आधी झटके बंद करा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं आसपासच्या गावांतली पोरं भरतीच्या तयारीला लागलेली असतात. सोळाशे मीटर पळायचा उत्साह दांडगा, पण अंग तापवायचा कंटाळा. डिसेंबरच्या गारठ्यात खानापूरकडून मोटरसायकलवर यायचं, गाडी लावायची आणि लगेच वाकून पायाचे अंगठे धरायला बघायचं. हात पोचत नाहीत, मग हिसके सुरू. असाच एकजण टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर वाकला होता आणि त्याच्या मित्रानं पाठीवर दोन्ही हात टेकून दाब दिला. "अरे, काय करालास, सोड त्याला," म्हणेपर्यंत पोरगं मांडी धरून खाली बसलं. मांडीमागचा स्नायू दुखावला होता. तेवढ्यावर भागलं असतं, पण घरच्यांनी त्याच दिवशी गरम तेलानं रगडलं आणि "मोकळा होईल" म्हणून दोन-तीन दिवसांत त्यानं पुन्हा ताणला. भरतीला तो लंगडत होता.

स्नायू अचानक ताणला की त्यातले संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू उलटा आवळतो. म्हणजे सैल करायला म्हणून दिलेला हिसका त्याला घट्टच करतो. ताजी दुखापत असेल तर ताणणं, चोळणं, शेकणं पहिले दोन-तीन दिवस नकोच. कापडात गुंडाळलेला बर्फ आणि विश्रांती बरी.

माझी पद्धत साधी आहे. पाच-दहा मिनिटं भराभर चालायचं. मग पळायचं असेल तर पाय पुढं-मागं झुलवायचे, बस्स. धरून ठेवायचं स्ट्रेचिंग पळून झाल्यावर. आधीच मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरलं तर स्नायूची ताकद काही काळ कमी पडते. मांडीमागच्या स्नायूसाठी मी उताणं झोपून तळपायात पंचा अडकवतो आणि पाय वर घेतो. ओढ जाणवली की थांबायचं, दुखेपर्यंत जायचं नाही. वीस-तीस सेकंद पुरतात. मी घड्याळ बघत नाही, पाच सावकाश श्वास घेतो. असं दोन-तीन वेळा.

श्वास कोंडू नका.

पोटरी फक्त गुडघा ताठ ठेवून ताणतात. आत आणखी एक स्नायू आहे, तो गुडघा किंचित वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. दोन्ही करा.

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या मावश्या दिवसभर मान खाली घालून बसतात आणि संध्याकाळी मान गरागरा फिरवून कडकड वाजवतात. मावशी, आवाज आला म्हणजे मान सुटली असं नव्हे. कान खांद्याकडं हळू झुकवा, आधी एक बाजू, मग दुसरी. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढं न्या. आणि हे दिवसातून तीन-चारदा करा, संध्याकाळी एकदम नको.

"आठ दिवसांत स्प्लिट"वाले, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसायला शिकवणारे व्हिडिओ बघून येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस, महिनाभर तरी केलं की फरक दिसायला लागतो. त्याआधी घाई करणारे बहुतेक जांघ धरूनच परततात.

कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील तर बहुधा शीर दबलेली असते, ती ताणू नका, डॉक्टरला दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.