पावसाळ्यात सायकलला कुठले ब्रेक पॅड टाकायचे

पावसात ब्रेक लागत नाहीत म्हणून नवे पॅड घ्यायला निघाला असाल तर आधी खाली वाकून आपली रिम, म्हणजे टायर बसतो ती चाकाची कड, बघा. कुठला पॅड घ्यायचा हे तो कशावर घासणार त्यावर ठरतं, आणि दुकानात जाऊन नुसतं "पावसाळ्यासाठी चांगले द्या" म्हटलं की जे काळं रबर समोर असेल ते हातात पडतं.

पहिली टेस्ट फुकटची आहे, फ्रीजवरचं मॅग्नेट काढा आणि रिमला लावून बघा. चिकटलं तर रिम स्टीलची, म्हणजे जुनी दांड्याच्या ब्रेकवाली सायकल किंवा स्वस्तातली क्रोमची चकाचक चाकं. ओल्या क्रोमवर कुठलंच रबर नीट धरत नाही, कितीही महागाचं आणा, तेव्हा पॅडवर पैसे घालू नका, जमलं तर अलॉय म्हणजे अॅल्युमिनियमच्या रिमची चाकं बसवून घ्या आणि तोवर पावसात उतारावर जपून, खरंतर उतरून चालत गेलात तरी कोणी हसणार नाही.

मॅग्नेट चिकटलं नाही तर बहुधा अलॉय रिम. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिडवर हीच असते, व्ही-ब्रेकवाली (दोन दांड्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटतात तो ब्रेक), आणि इथे पॅड बदलून खरोखर फरक पडतो. ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो, तो पुसून निघेपर्यंत रबर नुसतं घसरतं, लिव्हर दाबल्यावर चाकाच्या एक-दोन चकरा अशाच फुकट जातात. हायब्रिडच्या नेहमीच्या ७०० सी मापाच्या चाकाची एक चक्कर साधारण २.१ मीटरची, दोन चकरा म्हणजे चार मीटरच्या वर, तीसच्या स्पीडला अर्धा सेकंद. समोर रिक्षा अचानक थांबली की हा अर्धा सेकंद चांगलाच जाणवतो. म्हणून पावसात हलकेच ब्रेक लावून रिम आधी पुसून घ्यायची आणि मग दाबायचं, ही सवय पॅड कुठलाही असला तरी लागतेच.

रबराचं म्हणाल तर सायकलबरोबर आलेलं काळं रबर बहुतेक वेळा कडक असतं, कोरड्यात ठीक, ओल्यात बेकार. नख दाबून बघा, अजिबात रुतत नसेल आणि वरचा भाग काचेसारखा चमकत असेल तर ते रबर वाळलंय, जाडी कितीही शिल्लक दिसू दे. पावसासाठी मी डोळे झाकून सांगेन कूल-स्टॉपचा सॅमन, तो विटकरी-केशरी रंगाचा असतो, त्यात आयर्न ऑक्साईड असतं, ओल्यात तो लवकर पकडतो आणि रिम कमी खरवडतो. अर्धा काळा अर्धा केशरी असा ड्युअलपण येतो, बारा महिने एकच पॅड ठेवायचा असेल तर तो घ्या. शिमानोचा व्ही-ब्रेकचा एम ७० टी ४ पण वाईट नाही. कार्बन रिमवाल्यांनी रिमच्या कंपनीने सांगितलेलेच पॅड लावावेत, आणि पावसात शक्यतो दुसरी सायकल काढावी.

पण पाण्यापेक्षा जास्त वाट लावते ती कच. पावसातून आल्यावर फ्रेमवरून जो काळा ओघळ येतो तो नुसता चिखल नसतो, त्यात तुमचं रबर आणि रिमचं अॅल्युमिनियमपण असतं. चाक काढा, पॅड उजेडात धरा, त्यात बारीक चमचमणारे कण रुतलेले दिसतील. ते कंपासच्या टोकाने उचकटून काढायचे, नाहीतर पुढच्या राईडला तेच रिमवर चरे पाडतात आणि तो चर्र-चर्र आवाज येतो. मग पॉलिश पेपरने पॅडचा वरचा थर जरा घासायचा. रिमला भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि साबण, सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. कित्येकदा एवढ्यानेच जुना पॅड परत लागायला लागतो आणि नव्याचे पैसे वाचतात, हे दुकानदार सांगणार नाही. पॅडवरच्या खाचा पाणी आणि कच बाहेर जायला असतात, त्या घासून सपाट झाल्या की पॅड बाद.

घेताना जमलं तर कार्ट्रिजवाला घ्या, होल्डर एकदाच विकत घ्यायचा आणि नंतर नुसतं रबर सरकवून बदलायचं. होल्डरची बंद बाजू पुढच्या दिशेला आली पाहिजे. उलटं बसवलं तर चाकाच्या ओढीने रबर जोरात ब्रेक मारताना बाहेर निसटू शकतं, आणि घाईत हे खरंच उलटं बसवलं जातं, म्हणून दुकानातून निघायच्या आधी स्वतः बघा. टायरला रबर घासत नाही ना तेही बघा.

आता डिस्कवाले, म्हणजे ज्यांचा ब्रेक रिमवर नाही तर चाकाच्या मधोमध बसवलेल्या चकतीवर लागतो ते. डिस्क रिमपेक्षा पाण्यापासून लांब असते म्हणून ब्रेक पटकन लागतो हे खरं, पण पॅड किती टिकतो हा वेगळाच विषय. रेझिन पॅड मऊ, आवाज कमी, पकड छान, पण पाणी आणि कच एकत्र आली की भराभर झिजतो. मेटल म्हणजे सिंटर्ड पॅड चिखलात कितीतरी जास्त टिकतो, गरम झाला तरी पकड सोडत नाही, फक्त थंड असताना सुरुवातीला जरा बोथट वाटतो आणि ओला झाला की असा किंचाळतो की बेल वाजवायची गरज उरत नाही. माझं मत विचाराल तर पावसात ताम्हिणी, आंबोली असले घाट करणाऱ्याने किंवा कोकणातल्या लाल चिखलात फिरणाऱ्याने मेटलच टाकावा, आणि शहरात ऑफिसला जाण्यापुरती सायकल असेल तर रेझिन ठेवून बॅगेत एक जोडी जास्तीची असू द्यावी.

मात्र मेटल घ्यायच्या आधी रोटरवर, म्हणजे त्या डिस्कच्या चकतीवर, काय लिहिलंय ते वाचा. 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असेल, जसं शिमानोच्या आरटी ५६ वर असतं, तर त्यावर मेटल पॅड चालत नाही, रोटर मऊ असतो आणि खाल्ला जातो. आरटी ६६ वर दोन्ही चालतात. आणि पॅडचा आकार प्रत्येक कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबतो तो भाग) वेगळा, तेव्हा जुना पॅड काढून सोबतच न्या, फोटोवर भागवू नका.

नवा पॅड टाकला की लगेच घाट उतरू नका. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीसचा स्पीड घ्यायचा, चालण्याच्या स्पीडपर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं १५-२० वेळा. रेझिनवरून मेटलवर जात असाल तर त्याआधी रोटर पॉलिश पेपरने हलका घासून अल्कोहोलने पुसून घ्या. चेनवर स्प्रे मारताना डिस्क झाका, तेल लागलेला रेझिन पॅड गॅसवर भाजून वगैरे सुधारत बसू नका, सरळ फेका.

हायड्रॉलिकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा डिस्क ब्रेक केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालतो त्यांनी, जास्तच लक्ष द्यायचं, कारण केबलच्या डिस्कला पॅड झिजला की लिव्हर हँडलपर्यंत यायला लागते आणि आपल्याला कळतं, हायड्रॉलिक मात्र आपोआप अॅडजस्ट होत राहते आणि शेवटपर्यंत छान लागते, मग एक दिवस लोखंडावर लोखंड. म्हणून पावसाळ्यात दर मोठ्या राईडनंतर टॉर्च मारून कॅलिपरच्या फटीतून बघा, पॅडच्या पत्र्यावरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. तेव्हाच रोटरपण मोजून घ्या, शिमानोचा नवा १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ झाला की काढायचा, हा आकडा बहुतेक रोटरवरच कोरलेला सापडेल.